खुल्या खाणींतील टिप्पर-डंपरांच्या ब्रेक लायनरबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. क्षेत्रीय महाव्यवस्थापक,
खुल्या कोळसा खाणी, वर्धा खोरे

विषय : टिप्पर, डंपर व इतर अवजड यंत्रांचे घासलेले ब्रेक लायनर मोजून, वेळेवर आणि सुरक्षितपणे बदलण्याची व्यवस्था लावणे.

महोदय,

या क्षेत्रातले विभागीय डंपर ऑपरेटर, ठेकेदारांकडचे टिप्पर चालक आणि वर्कशॉपमधले फिटर, वेल्डर व हेल्पर आमच्या संघटनेचे सभासद आहेत. ब्रेक दाबणारा आणि ब्रेक उघडून पाहणारा, दोघेही आमच्यात आहेत; त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आम्ही रोज पाहतो. हा विषय सुरक्षा समितीच्या बैठकांत वारंवार मांडला गेला, इतिवृत्तात नोंदला गेला आणि ‘योग्य ती कार्यवाही करावी’ या शेऱ्यापाशी थांबला. म्हणून आता मोजमापे आणि मुदती यांच्यासह लेखी मागण्या देत आहोत.

आमची मूळ तक्रार अशी : लायनर कधी बदलायचा हे आज लायनरची जाडी ठरवत नाही. पाळीचे उत्पादन, स्टोअरमधला साठा आणि फोरमनचा अंदाज ठरवतो. रिवेट ड्रमला घासून आवाज येऊ लागला की लायनर संपला, अशी रीत पडली आहे. तोवर लायनर तर गेलेला असतोच, पण ड्रमवरही चरे पडलेले असतात आणि तो ड्रम कित्येकदा पुन्हा लेथवर घेण्याजोगा उरत नाही.

यात काय पणाला लागते, त्याचा हिशेब साधा आहे. ३५ टन वजनाचा बारा चाकी टिप्पर १:१६ उतारावरून एक किलोमीटर खाली येतो, तेव्हा तो सुमारे ६२ मीटर खाली उतरलेला असतो. त्यात सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेवर ७० लिटर पाण्याला उकळी फुटेल. रस्त्याचा विरोध आणि इंजिनाची ओढ यांत तिचा काही वाटा जातो. बाकीची उष्णता लायनर आणि ड्रम यांनाच पोटात घ्यावी लागते. ड्रम तापला की पसरतो आणि शूपासून दूर सरकतो, म्हणजे बूस्टरच्या पुशरॉडला अधिक लांब जावे लागते. लायनर पातळ आणि स्लॅक (ॲडजस्टर) सैल असेल, तर पुशरॉडचा पल्ला तिथेच संपतो. टाकीत हवा पुरेशी असते, पेडल पूर्ण दाबलेले असते आणि तरीही गाडी थांबत नाही. उभ्या गाडीवर थंड ड्रममध्ये ‘ठीक’ वाटलेला ब्रेक अंतर्गत डंपकडे ओबी (कोळशावरची माती-दगड) नेताना किंवा साइडिंगच्या उतारावर दगा देतो तो असा. चंद्रपूर-वणी भागातल्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना, ड्रमला निवायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. जाडीची मर्यादा लेखी ठरवावी

कोणत्या जाडीला यंत्र थांबवायचे याचा लेखी आदेश आज वर्कशॉपमध्ये लावलेला नाही. एकच शू एका पाळीत ‘चालेल’ ठरतो आणि दुसऱ्या पाळीत ‘बदला’.

हवेच्या ड्रम ब्रेकच्या टिप्परांसाठी पुढील मर्यादा लागू करावी : शूच्या मध्यावर लायनरची जाडी ८ मिलिमीटर झाली की त्याच दिवशी इंडेंट निघावे, ६.५ मिलिमीटर झाली की लायनर बदलल्याशिवाय गाडी खाणीत उतरू नये. उत्पादकाच्या पुस्तिकेत याहून जास्त जाडी सांगितली असेल तिथे पुस्तिका प्रमाण मानावी. ही मर्यादा आम्ही मनाने काढलेली नाही. अमेरिकेत रस्त्यावरच्या व्यापारी वाहनांच्या न वळणाऱ्या ॲक्सलवरील हवेच्या ड्रम ब्रेकसाठी शूच्या मध्यावर किमान ६.४ मिलिमीटर जाडीचा नियम आहे. डांबरी रस्त्यावरच्या ट्रकला जी मर्यादा लागते, त्याहून ढिली मर्यादा खाणीच्या रॅम्पवर चालणाऱ्या टिप्परला लावण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

दर २५० तासांच्या सर्व्हिसला तपासणीच्या खिडकीतून प्रत्येक चाकाची जाडी गेजने मोजावी. दर १,००० तासांना ड्रम उतरवून लायनरचा मध्य, दोन्ही टोके, रिवेट, शू आणि ड्रमचा आतला व्यास तपासावा. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे गेलेला ड्रम गॅस कटरने कापूनच भंगारात टाकावा, म्हणजे तो फिरून कुठल्या गाडीला लागणार नाही. आकडे लॉगबुकात लिहावेत. ‘ओके’ हा शब्द मोजमाप म्हणून स्वीकारू नये.

२. पुशरॉडचा पल्ला दर आठवड्याला मोजावा

जाडी पुरेशी असूनही स्लॅक सैल असेल तर ब्रेक निकामीच असतो. ही तपासणी दोन माणसांची आहे : चाकांना ठोकर लावून, इंजिन बंद करून, टाकीत सुमारे ६ ते ७ किलो दाबाची हवा असताना एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने पुशरॉड किती बाहेर येतो ते पट्टीने मोजायचे. आज हे काम एकट्या फिटरवर सोपवले जाते. म्हणजे ते होत नाही. दर आठवड्याला प्रत्येक गाडीसाठी ही जोडी पाळीच्या हजेरीतच नेमून द्यावी. टाइप ३० बूस्टरला ५० मिलिमीटर ही शेवटची हद्द धरावी.

ऑटोमॅटिक स्लॅक पाना लावून पुन्हा पुन्हा आवळण्याची सवय बंद व्हावी. असा स्लॅक वारंवार सैल पडतो तेव्हा दोष बहुधा दुसरीकडे असतो : कॅमच्या बुशात, क्लेव्हिस पिनमध्ये किंवा स्लॅकच्याच आतल्या यंत्रणेत. आवळून पाठवलेली गाडी त्या दिवसापुरती ब्रेकला थांबते; दोष मात्र उतारावर घेऊन जाते.

३. ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे लायनर एकत्र बदलावेत

साठा अपुरा असला की फक्त जास्त घासलेल्या चाकाला नवा लायनर चढवला जातो. अशी गाडी ब्रेक दाबताच एका अंगाला ओढते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या निसरड्या हॉल रोडवर ती बर्मकडे वळायला तेवढे पुरते.

एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकाच वेळी, एकाच उत्पादकाचे आणि एकाच घर्षण संकेताचे लायनर लावावेत. लायनरच्या कडेवर छापलेल्या दोन अक्षरांपैकी पहिले सामान्य तापमानातले घर्षण सांगते आणि दुसरे तापल्यावरचे. ‘एफएफ’च्या जोडीला ‘ईई’ लावणे म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जाणूनबुजून असमतोल ठेवणे आहे. लायनरबरोबर रिटर्न स्प्रिंग, रोलर आणि पिनाही बदलाव्यात. हब सील गळून ग्रीस किंवा तेल प्यालेला लायनर धुऊन, जाळून परत बसवण्याचा प्रकार पूर्ण बंद व्हावा. नवा लायनर बसल्यावर रिकाम्या गाडीवर सपाट रस्त्याला तो ‘बसवून’ घ्यावा आणि मगच गाडी लोडिंगला द्यावी.

४. स्टोअर आणि खरेदी

लायनरचा साठा संपतो आणि मग गाड्या घासलेल्या लायनरवर चालवल्या जातात, हा क्रम उलटा व्हायला हवा. चालू गाड्यांच्या दहा टक्के गाड्यांना पुरतील एवढे पूर्ण संच, रिवेट आणि स्प्रिंगांसह, स्टोअरमध्ये कायम असावेत. साठा त्याखाली गेला की स्थानिक खरेदीचा अधिकार वर्कशॉपच्या अभियंत्याला मिळावा.

सर्वांत कमी दराची निविदा घेण्याला आमचा तत्त्वतः विरोध नाही. मात्र दर संचाचा न पाहता चाललेल्या तासांमागे पाहावा. स्वस्त संच निम्म्या तासांत संपला तर त्यात फिटरची मजुरी दुप्पट, गाडीचा उभा राहण्याचा वेळ दुप्पट आणि ड्रमची हानी वेगळी. प्रत्येक संच किती तास चालला ही नोंद ठेवली, तर पुढच्या निविदेला आपल्याच वर्कशॉपचा पुरावा मिळेल.

५. ब्रेकच्या दोषासाठी गाडी थांबवणाऱ्याचे संरक्षण

ही आमची सर्वांत महत्त्वाची मागणी आहे, आणि तिला खर्च सर्वांत कमी आहे.

पाळीच्या सुरुवातीला ब्रेक तपासून घेणे हे चालकाच्या कर्तव्यांत आधीच आहे. पण तपासून दोष सांगितला की पुढे काय होते, ते कुठल्याही नियमपत्रात लिहिलेले नाही. ठेकेदाराकडचा चालक फेरीमागे मोबदला घेतो. गाडी उभी राहिली तर त्याची फेरी बुडते, ठेकेदाराचा दंड वाढतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा चालक बसलेला असतो. विभागीय ऑपरेटरला मेमो मिळतो किंवा त्याला दुसऱ्या विभागात हलवले जाते. सहीसाठी कर्तव्य चालकाचे आणि निर्णय उत्पादन विभागाचा, अशी ही वाटणी आहे. अपघात झाला की चौकशीत सही शोधली जाते, आणि ती चालकाची निघते.

यावर आम्ही पुढील पद्धत मागतो. चालकाने किंवा फिटरने ब्रेकचा दोष लिहून दिला की गाडीच्या स्टिअरिंगला लाल पट्टी लागावी आणि किल्ली टाइम ऑफिसात जमा व्हावी. ती पट्टी काढण्याचा अधिकार फक्त यांत्रिकी विभागाच्या अधिकृत अभियंत्याला असावा. त्यानेही जाडी, पुशरॉडचा पल्ला आणि हवेचा दाब हे तीन आकडे लिहून, सही करूनच ती काढावी. उत्पादन विभागातील कोणत्याही अधिकाऱ्याला, पर्यवेक्षकाला किंवा ठेकेदाराच्या मुकादमाला ती काढता येऊ नये. त्या पाळीत चालकाला दुसरी गाडी द्यावी. गाडी नसेल तर मागील ३० दिवसांच्या सरासरी फेऱ्यांइतका मोबदला द्यावा. दोष नोंदवला म्हणून मेमो, बदली किंवा कामावरून कमी करणे यांपैकी काहीही होऊ नये. ठेकेदाराने तसे केल्यास ते कराराचा भंग मानावे.

याचा गैरवापर होईल, अशी शंका घेतली जाईल. त्यावरही आमच्याकडे उत्तर आहे. मोजमापात दोष न आढळलेल्या नोंदी दर महिन्याला सुरक्षा समितीपुढे ठेवाव्यात. एकाच व्यक्तीच्या तीन नोंदी अशा निघाल्या तर तिला वर्कशॉपमध्ये एक पाळी प्रात्यक्षिक प्रशिक्षण द्यावे. ज्याला दोष ओळखता येत नाही त्याला ओळखायला शिकवावे. शिक्षेची भाषा इथे उपयोगाची नाही.

६. लायनरची धूळ

लायनर घासला की त्याची धूळ होते आणि ती ड्रममध्ये साठते. ड्रम उतरवला की हवेचा पाइप मारून ती उडवून देण्याची जुनी पद्धत आजही चालू आहे. शेडमध्ये काम करणारा प्रत्येक माणूस ती श्वासावाटे आत घेतो आणि तिच्यासकट कपडे घरी नेतो. घरी ते कपडे दुसरे कुणीतरी धुते.

जुन्या साठ्यातल्या आणि स्वस्त बाजारातल्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, आणि डोळ्यांना ते ओळखता येत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे. त्याचे आजार अनेकदा वीस वर्षांहून जास्त काळानंतर दिसतात. तोवर फिटर निवृत्त झालेला असतो आणि वर्कशॉपचे रजिस्टर रद्दीत गेलेले असते. याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, जपायला सांगितले. आपले वर्कशॉप अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना नाही, हे आम्ही जाणतो. पण त्या धुळीत काम करणाऱ्याच्या फुप्फुसाला कारखाना आणि वर्कशॉप हा भेद कळत नाही.

म्हणून : यापुढची प्रत्येक खरेदी अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असल्याच्या चाचणी प्रमाणपत्रासह व्हावी. ज्या साठ्याचे प्रमाणपत्र नाही तो सील करून धोकादायक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे विल्हेवाटीला द्यावा. भंगाराच्या लिलावात विकू नये. ड्रम साफ करताना हवेचा पाइप वापरायला लेखी बंदी करावी. त्याऐवजी ओल्या पद्धतीने किंवा सूक्ष्म गाळणीच्या व्हॅक्यूमने सफाई करावी. फडक्याऐवजी धूळ अडवणारे मास्क, कामाचे कपडे कामावरच धुण्याची सोय आणि अंघोळीची जागा द्यावी. ब्रेकच्या कामावरच्या प्रत्येकाची छातीची तपासणी आणि श्वासक्षमता चाचणी दरवर्षी करून तिचा अहवाल त्याच्या हातात द्यावा. आरोग्य नोंदींना वर सांगितलेली ४० आणि १५ वर्षांची मुदत लावावी. ठेकेदाराचा फिटर या सर्वांतून वगळला जाऊ नये.

७. काम करण्याची जागा आणि अवजारे

बिघडलेल्या गाड्यांचे लायनर आज हॉल रोडच्या कडेला, जॅकवर उभ्या गाडीखाली, रात्रपाळीत हातबत्तीवर बदलले जातात. प्रत्येक खाणीत पक्क्या फरशीचा, छताचा आणि पुरेशा उजेडाचा किमान एक ब्रेक बे असावा. तिथे वजन पेलणारे स्टँड, ठोकरी, रिवेटिंग प्रेस, टॉर्क पाना आणि जाडीचे गेज कायम राहावे. हाताने हातोडी मारून रिवेट लावणे बंद व्हावे. लायनर मध्यापासून टोकांकडे नीट दाबून रिवेट झाला नाही तर तो शूवर पूर्ण टेकत नाही, आणि पहिल्याच उतारावर तडकतो.

मागच्या ॲक्सलच्या स्प्रिंग ब्रेक बूस्टरबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. त्याच्या आत दाबून बसवलेली स्प्रिंग असते. केजिंग बोल्ट (ती स्प्रिंग दाबून धरणारा बोल्ट) न लावता बूस्टर उघडणाऱ्याच्या अंगावर त्या स्प्रिंगचा सगळा जोर सुटतो आणि माणूस जागीच मरू शकतो. केजिंग बोल्टाशिवाय हे काम कुणालाही, कितीही घाईत, सांगता येणार नाही असा आदेश निघावा, आणि प्रत्येक टूल बॉक्समध्ये तो बोल्ट असावा.

८. डंपर, डोजर, शॉवेल

तेलात थंड होणाऱ्या डिस्क ब्रेकच्या मोठ्या डंपरांना ड्रम-लायनरची मोजमापे लागू होत नाहीत. त्यांची झीज उत्पादकाच्या गेजने ठरल्या तासांना मोजावी आणि ब्रेक तेलाचा नमुना तपासणीला जावा. डोजरचे ब्रेक बँड आणि शॉवेलचे स्विंग व होइस्ट ब्रेक यांच्याही मर्यादा त्या त्या पुस्तिकेतून काढून मराठी व हिंदीत यंत्राच्या केबिनमध्ये लावाव्यात.

९. रस्ता आणि वजन

लायनर लवकर का संपतात याचे अर्धे उत्तर वर्कशॉपच्या बाहेर आहे. कोळसा खाणींच्या विनियमांत हॉल रोडचा उतार साधारणपणे १:१६ आणि रॅम्पवर थोड्या अंतरापुरता १:१० पर्यंत ठेवण्याची तरतूद आहे. उतार प्रत्यक्षात किती आहे याची पाहणी दर महिन्याला सर्व्हे विभागाने करावी आणि आकडे टाइम ऑफिसजवळ लावावेत. काट्यावर मर्यादेबाहेर वजन दिसलेली फेरी मोजली जाऊ नये आणि तिच्यासाठी लोडिंग पॉइंटचा पर्यवेक्षक जबाबदार धरावा. जास्तीचे दोन-तीन टन चालकाने मागितलेले नसतात.

१०. ठेकेदारांच्या गाड्यांना तीच मोजपट्टी

वरील सर्व अटी ठेकेदारांच्या टिप्परांना जशाच्या तशा लागू असाव्यात आणि पुढच्या निविदेत त्या कराराच्या अटी म्हणून छापाव्यात. खाणीच्या हद्दीतल्या सुरक्षेची जबाबदारी कायद्याने मालक, एजंट आणि व्यवस्थापक यांच्यावर आहे. ती ठेक्याने हस्तांतरित होत नाही. विभागीय गाडी आणि ठेक्याची गाडी एकाच रॅम्पवर एकामागोमाग उतरतात. मागच्या गाडीचा ब्रेक न लागल्यास पुढच्याचा चांगला ब्रेक त्याला वाचवत नाही.

शक्यतेबद्दल

यातले काहीही आवाक्याबाहेरचे नाही. गेज, लाल पट्ट्या, लॉगबुकचे नवे पान आणि केजिंग बोल्ट यांना भांडवली मंजुरी लागत नाही. एका ॲक्सलचे लायनर बदलायला दोन फिटर आणि एका हेल्परला, सामान हाताशी असेल तर, जास्तीत जास्त एक पाळी लागते. गाडी आधी ठरवून थांबवली तर उत्पादनाची तेवढीच एक पाळी जाते. उतारावर थांबली तर गाडी काढेपर्यंत रस्ताच बंद पडतो. वेळेवर बदललेला लायनर ड्रम वाचवतो, आणि ड्रम लायनरपेक्षा महाग आहे. साठा, ब्रेक बे आणि आरोग्य तपासणी यांना खर्च आहे हे आम्हांला मान्य आहे; त्यासाठी खाली टप्पे दिले आहेत.

मुदती

मागणी ५ चा आदेश, हवेच्या पाइपवरील बंदी आणि केजिंग बोल्टचा आदेश : हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत. मागणी १, २, ३ आणि ८ ची अंमलबजावणी व रस्त्याची पहिली पाहणी : ३० दिवसांत. स्टोअरचा साठा आणि प्रमाणपत्र नसलेला माल सील करणे : ९० दिवसांत. ब्रेक बे, कपडे धुण्याची सोय आणि पहिली आरोग्य तपासणी : ६ महिन्यांत. मागणी १० : पुढील प्रत्येक निविदेपासून, चालू करारांत पुरवणी अटींद्वारे ६० दिवसांत.

अंमलबजावणी पाहण्यासाठी यांत्रिकी विभागाचे दोन, सुरक्षा विभागाचा एक आणि संघटनेचे तीन प्रतिनिधी अशी समिती असावी. आमच्या तिघांपैकी एक ठेका चालक आणि एक फिटर असेल. समितीला कोणत्याही गाडीचा लायनर पूर्वसूचनेशिवाय मोजता यावा.

चर्चेची तारीख १५ दिवसांच्या आत कळवावी. त्या बैठकीत आपल्या यांत्रिकी विभागाने वेगळे आकडे आणले तर त्यांवर बोलण्यास आम्ही तयार आहोत. आकड्यांशिवायच्या आश्वासनावर नाही. मुदतीत लेखी उत्तर न आल्यास हेच पत्र औपचारिक तक्रार म्हणून खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे दिले जाईल, आणि ६.५ मिलिमीटरपेक्षा पातळ लायनर असलेली गाडी आमचा सभासद खाणीत उतरवणार नाही.

अध्यक्ष सरचिटणीस
(संघटनेच्या कार्यकारिणीच्या ठरावानुसार)

प्रत माहितीसाठी :
१. खाण व्यवस्थापक, सर्व खुल्या खाणी
२. क्षेत्रीय सुरक्षा अधिकारी
३. कामगार निरीक्षक व सुरक्षा समितीचे सर्व सदस्य
४. खाण सुरक्षा महासंचालनालय, नागपूर